शिक्षा तिथली, तुरुंग इथला

२५ डिसेंबर २०१७. इस्लामाबादला पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयातली एक खोली, मधोमध काच. काचेच्या अलीकडे आई आणि पत्नी, पलीकडे कुलभूषण जाधव, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशी सुनावलेले. आत सोडण्याआधी दोघींना कपडे बदलायला लावले होते. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, सगळं उतरवून घेतलं होतं. आईने मराठीत बोलायला सुरुवात केली, तर तिला मध्येच थांबवलं. ती पुन्हा बोलू लागली, पुन्हा थांबवलं. शेवटी मराठीत बोलूच दिलं नाही, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी निवेदनात सांगितलं. साधारण चाळीस मिनिटांत भेट उरकली.

जाधवांचा खटला तोवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलेलाच होता. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निकाल १७ जुलै २०१९ ला लागला. फाशीचा फेरविचार करा, असंही न्यायालयाने बजावलं. त्यांना भारतात परत पाठवा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. भारताला मुळात तो हेरगिरीचा आरोपच मान्य नाही. पण खटला घडीभर बाजूला ठेवला तरी त्या खोलीतला एक प्रश्न उरतोच. ज्याचा गुन्हा खरोखर शाबीत झाला आहे, अशा माणसाचीसुद्धा आईशी आईच्या भाषेत बोलण्याची मुभा कोणत्या न्यायाधीशाने, कोणत्या कलमाखाली काढून घेतलेली असते?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. स्वयंपाकाला एक मराठी कैदी मिळाला होता, पुस्तकं मिळत होती, तिथेच ‘गीतारहस्य’ लिहून झालं. पण १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या, तेव्हा टिळक मंडालेतच होते. न्यायमूर्तींनी सहा वर्षं सांगितली होती. पत्नीचं शेवटचं दर्शन होऊ नये, असं निकालपत्रात कुठेही नव्हतं. ते अंतराने केलं.

इंग्रजांना अंतराची ही ताकद पुरती ठाऊक होती. १८५८ मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली, तेव्हा समुद्र ओलांडणं हाच शिक्षेचा गाभा होता. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणलेला. त्यामुळे काळ्या पाण्यावर गेलेला माणूस जातीला, कुळाला आणि श्राद्धाच्या पिंडालाही मुकला, असं मानलं जाई. म्हणजे शिक्षा शरीराला आणि तिची झळ परलोकापर्यंत. जहाजातून उतरलेल्या कैद्याने अजून एक दिवसही भोगलेला नसायचा, आणि तरी त्याचं बरंचसं भोगून झालेलं असायचं.

आज कोणतंही सुसंस्कृत राज्य काळ्या पाण्याची शिक्षा देत नाही. नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जाणारे तुरुंगवासाचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारले. त्यांचा आशय असा, की स्वातंत्र्य हिरावलं जाणं हाच तुरुंगवासाचा क्लेश आहे, व्यवस्थेने आपल्या हाताने त्यात भर घालू नये; आणि कैद्याला शक्य तो घराजवळ ठेवावं. हे वाचून मग परदेशी तुरुंगातल्या भारतीयांकडे बघावं. कच्चे कैदी धरून त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे, मोठा वाटा आखाती देशांत. यातल्या ज्याला शिक्षा झाली, त्याच्या वाट्याला निकालपत्रातली वर्षं येतातच. वर पहारेकऱ्याची न कळणारी भाषा येते आणि आजारपणात दुखतंय कुठे हे सांगता न येणंही येतं. येरवड्याच्या कैद्याला मुलाखतीला येणारं कोणी असतं, नियमात बसलं तर संचित रजा मिळते, घरी कोणी गेलं तर अभिवचन रजेचा अर्ज तरी करता येतो. परक्या मुलखातल्या कैद्याने रजा मागून जायचं कुठे? रत्नागिरीच्या एखाद्या म्हाताऱ्या आईने मुलाखतीसाठी पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं भाडं कुठून आणायचं? कायद्याच्या पुस्तकातून गेलेलं काळं पाणी या माणसाच्या वाट्याला गुपचूप परत येतं.

यावरचा उपाय जगाने शोधला तो १९८३ मध्ये. युरोपीय राष्ट्रांच्या परिषदेने स्ट्रासबर्गला एक करार केला: शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला उरलेली शिक्षा मायदेशातल्या तुरुंगात भोगता यावी. भारताने आपला कायदा केला २००३ मध्ये, तो लागू झाला १ जानेवारी २००४ पासून. त्यानंतर ब्रिटन, मॉरिशस, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती अशा अनेक देशांशी करार झाले. अटी साध्या आहेत. निकाल अंतिम झालेला हवा, अपील लोंबकळत नको. जो गुन्हा तिथे गुन्हा आहे, तो इथेही असायला हवा. फाशीच्या कैद्याला ही वाट नाही. आणि संमती तिघांची लागते: शिक्षा देणारा देश, घेणारा देश आणि स्वतः कैदी.

या तिसऱ्या संमतीपाशी थोडं थांबायला हवं. ज्याचं सगळं स्वातंत्र्य काढून घेतलं आहे, त्याच्याकडे हा एक होकार-नकार शिल्लक ठेवला आहे. आणि काही जण नकार देतातही. मायदेशातला तुरुंग अधिक वाईट असेल, गर्दीचा असेल, किंवा गावाला तोंड दाखवायची हिंमत नसेल. घर ओढ लावतं तसं भयही घालतं, हे ज्याने ओळखलं, त्याने हा कायदा नीट लिहिला.

खरा पेच पुढे सुरू होतो. माणूस घरी आला, पण त्याची शिक्षा कोणाची?

मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने एका भारतीयाला हेरॉइन बाळगल्याबद्दल २६ वर्षांची शिक्षा दिली. माल होता १५२.८ ग्रॅम. करारानुसार त्याला भारतात आणलं. इथे आल्यावर त्याने म्हणणं मांडलं, की एवढ्या मालाला भारतीय कायद्यात जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत, मग मी सव्वीस का भोगू? मुंबई उच्च न्यायालयाला त्यात तथ्य वाटलं. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल फिरला. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: शिक्षेची मुदत ठरवण्याचा अधिकार शिक्षा देणाऱ्या देशाचा आहे, आपल्या कायद्यात कमी शिक्षा आहे एवढ्याने परदेशी शिक्षा आपल्या कायद्याशी विसंगत ठरत नाही, भारताच्या मूलभूत तत्त्वांनाच ती बाधक असेल, तर गोष्ट वेगळी.

एकाच देहाला दोन तराजू. मनात पहिली कळ येते ती त्या माणसासाठी. भारतीय कोठडीत, भारतीय पोळी-भाजी खात तो शिक्षा भोगतोय, शेजारच्या बराकीत तेवढ्याच मालासाठी दुसरा दहा वर्षांत सुटतोय, आणि हा सोळा वर्षं मागे राहतोय. आपल्याकडची जुनी दंडनीतीही सांगते, की दंड देताना अपराधाबरोबर देश, काल आणि अपराध्याचं बळ पाहावं. मनुस्मृतीत ते आहे, याज्ञवल्क्यस्मृतीतही आहे. पण ‘देश’ म्हणजे कोणता देश? अपराध जिथे घडला तो, की अपराधी जिथला आहे तो? हेरॉइन मॉरिशसच्या गल्ल्यांत विकलं गेलं असतं. पोरं त्या बेटावरची बरबाद झाली असती. छोट्या बेटाला या विषाची धास्ती अधिक वाटत असेल आणि म्हणून तिथला कायदा अधिक कडक असेल, तर ते ठरवायचा हक्क त्या बेटाचाच. शिवाय सव्वीसचा आकडा माहीत असूनच या माणसाने परत येण्याला होकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कठोर आहे आणि बरोबर आहे. घरी परतणं हा शिक्षेतल्या वर्षांचा सौदा नाही. अंतराने जी जास्तीची शिक्षा दिली होती, तेवढीच पुसायची आहे.

घरी परतणं आणि शिक्षेतून सुटणं यांच्यातली रेघ पुसली, की काय होतं ते २०१२ मध्ये दिसलं. अझरबैजानचा लष्करी अधिकारी रामिल सफारोव्ह याने २००४ मध्ये बुडापेस्टला एका प्रशिक्षणवर्गात झोपलेल्या आर्मेनियन अधिकाऱ्याला कुऱ्हाडीने मारलं. हंगेरीने त्याला जन्मठेप दिली. मग त्याच स्ट्रासबर्ग कराराखाली ३१ ऑगस्ट २०१२ ला त्याला मायदेशी पाठवण्यात आलं. विमान उतरलं त्याच दिवशी त्याला माफी मिळाली. मग बढती, घर, तुरुंगातल्या वर्षांचा थकलेला पगार आणि वीराचं स्वागत. कराराच्या अक्षरात माफीला जागा होती, त्याचा आत्मा मात्र तिथेच मारला गेला. मारलेल्या माणसाच्या घरच्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत झुंज दिली. २०२० मध्ये न्यायालयाने अझरबैजानवर ठपका ठेवला. तोवर सफारोव्ह आठ वर्षं मोकळाच होता.

आणि हे आपल्यालाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात इटलीच्या नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन भारतीय मच्छीमार मेले, तेव्हा खटला इथेच चालला पाहिजे, असं साऱ्या देशाला वाटत होतं. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने त्या नौसैनिकांना इथल्या खटल्यापासून संरक्षण दिलं आणि दहा कोटींच्या भरपाईनंतर २०२१ मध्ये खटला बंद झाला. आपलं माणूस मेलं की शिक्षा इथली हवी, आणि आपलं माणूस पकडलं गेलं की शिक्षा सौम्य हवी, असं दोन्ही एका तोंडाने मागता येत नाही.

मग धर्म काय सांगतो? बंदिवानाला सोडवणं ज्यू परंपरेत फार मोठं पुण्यकर्म आहे. इस्लाममध्ये जकातीच्या, म्हणजे सक्तीच्या दानाच्या, आठ वाटांपैकी एक ‘माना मोकळ्या करण्यासाठी’, म्हणजे गुलाम-बंदिवान सोडवण्यासाठी आहे. बाराव्या शतकाअखेर स्थापन झालेल्या त्रैक्य पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी भीक मागून, दान गोळा करून कैदी सोडवले. ‘डॉन किहोटे’चा लेखक सर्व्हान्तेस अल्जीयर्सच्या बंदिवासातून १५८० मध्ये सुटला तो त्यांच्यामुळेच. पण हे बहुतेक बंदिवान युद्धात किंवा समुद्रावर पकडले गेलेले, निरपराध. ज्याने गुन्हा केला आहे त्याच्याविषयी काही कर्तव्य उरतं का, या अवघड प्रश्नाला आपल्या धर्मशास्त्रात एक विलक्षण उत्तर आहे.

महापातकी माणसाला बहिष्कृत करण्याचा मनुस्मृतीतला विधी आधी पाहू. गावाबाहेर, सायंकाळी, सगेसोयरे आणि गुरू यांच्यादेखत एक दासी पाण्याने भरलेलं मडकं पायाने लवंडते, जणू तो मेलाच. त्याच्या नावाने उदक सोडतात, सुतक पाळतात. हा घटस्फोट. आज आपण हा शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडीला वापरतो. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची चर्चा आहे. पण त्याच मनुस्मृतीत पुढचा विधीही आहे. पातक्याने प्रायश्चित्त पुरं केलं, की सगेसोयऱ्यांनी त्याच्यासोबत पवित्र जलाशयात स्नान करायचं आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात सोडायचा. मग तो पूर्वीसारखाच घरात वावरू शकतो. इथे बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. स्नान एकट्या पातक्याचं नाही. ज्यांनी मडकं लवंडवलं, त्यांनीही त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचं. मनुस्मृतीत टाकून देण्यासारखं पुष्कळ आहे. ही दोन मडकी मात्र जपून ठेवावीत. राजाने दंड दिलेला माणूस निर्मळ होतो, असंही ती म्हणते. दंड पुरा होतो, आणि पुरा झाला की माणूस परत येतो, हे त्यात गृहीत आहे.

हे गृहीत जिथे मोडलं जातं, अशी जागा पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण ओखा, पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर रेघ दिसत नाही. पकडले गेले की कराचीच्या तुरुंगात काही महिन्यांची शिक्षा होते, ती भोगून होते आणि तरी माणूस वर्षानुवर्षं आतच राहतो, कारण सुटका दोन सरकारांच्या मर्जीवर अडलेली असते. २००८ च्या कराराप्रमाणे दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. याद्या वेळेवर पोहोचतात. २०२४ मध्ये डहाणूच्या एका खलाशाचा कराचीत मृत्यू झाला, आणि त्याचा देह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

करार झालेल्या देशांतून परत आलेल्यांची संख्याही तुटपुंजीच आहे. कागद या मंत्रालयातून त्या मंत्रालयात फिरत राहतात आणि शिक्षेची वर्षं तोवर सरत राहतात. महाराष्ट्रात कैदी आणायचा तर केंद्राने राज्य सरकारशी सल्लामसलत करून तुरुंग ठरवायचा असतो. येरवडा, नाशिक रोड, कळंबा, नागपूर, कोणताही चालेल, तिथे एस. टी. जाते. ज्यांचं कोणी परदेशात शिक्षा भोगत असेल, त्यांनी त्याला एवढं कळवावं: अर्ज त्याने स्वतःच करायचा असतो, तुरुंगातून, तिथल्या भारतीय वकिलातीला कळवून, आणि साधारणपणे शिक्षेचे निदान सहा महिने शिल्लक असताना.