दोष कोणाचा, भार कोणाचा?



आपण देव सोडले, नवस सोडले, अंगारे-धुपारे सोडले. पण घरात मूल जन्मावे, त्याने वेळेवर मान धरू नये, तीन वर्षांचे झाले तरी बोलू नये, आणि डॉक्टरांनी सांगावे की हे जन्मतःच मतिमंद आहे. तेव्हा आपल्या मनात पहिला शब्द कोणता उठतो? 'कोणत्या जन्मीचे पाप!' शेजारीण तो बोलून दाखविते, सासू तो सुनेच्या पदरात टाकते, आणि ती आई तो रात्रंदिवस मनात घोळविते. दीक्षा घेतली तरी हा शब्द पुष्कळ घरांच्या उंबऱ्याबाहेर गेलेला नाही.

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बीज तयार होताना कधी वाटणी चुकते आणि मुलाच्या वाट्याला २१ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन येते. यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. हे कारण १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. ही चूक बहुधा योगायोगाने होते. आईने ग्रहणात काय चिरले याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. दुसरे काही आजार असे की आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच ते प्रकट होतात. मामा-भाचीच्या किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात हा धोका वाढतो, कारण दोघांचे पूर्वज एकच. आपल्या मराठवाड्यात अशा सोयरिकी अजून होतात. त्या टाळणे आपल्या हाती आहे. पण जन्मलेल्या मुलासाठी आईबापांना आरोपी करणे हे विज्ञान नव्हे आणि धम्मही नव्हे.

धम्म काय म्हणतो? मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ काय? तथागतांनी ते मानले नाही. पित्त, कफ, वात, त्यांचा मिलाफ, ऋतूतील बदल, बेसावध वर्तन, बाहेरचा आघात अशी कारणे त्यांनी मोजली. कर्म हे त्यांत फक्त एक. बाबासाहेबांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, एवढाच या सिद्धांताचा उपयोग, असे त्यांनी दाखविले.

उपासकांनो, येथेच आपली परीक्षा आहे. पाप नाकारले, तर टाळलेली जबाबदारी परत अंगावर घ्यावी लागते. ती आपण घेतली काय?

गंगाखेड, पालम, जिंतूरकडच्या एखाद्या मजुराचे घर डोळ्यांपुढे आणा. आईला कापूस वेचायला जायचे आहे; मूल कोणाजवळ ठेवावे? ऊसतोडीला जाताना ते कोपीवर न्यावे की थकलेल्या आजीजवळ सोडावे? बारा वर्षांच्या मुलाला भरवायचे, धुवायचे, रात्री जागायचे. बाप चिडतो, बाहेर राहतो. आई लग्नाकार्याला जाणे सोडते. आणि दोघांच्याही छातीवर एकच धोंडा : आमच्या मागे याचे कसे? अशी आई कधी मुलावर ओरडते, मग स्वतःच रडते. तिच्यात करुणा कमी आहे काय? नाही. ती थकली आहे. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा, ही आपली शिकवण आहे. स्वतःसाठी दोन घटका मागणारी आई स्वार्थी नव्हे.

विनयातील एक कथा आठवा. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. तो आपल्या काही उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याच्यासह त्या भिक्खूला धुतले, उचलून नीट निजविले, आणि रुग्णाची सेवा ही सर्व संघाची जबाबदारी ठरविली. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरविणे त्यांनी कधीच मान्य केले नाही. मग रोजगार करू न शकणाऱ्या मुलाला आपण ओझे का म्हणावे?

म्हणून विहाराने काय करावे? पौर्णिमेच्या वंदनेला त्या मुलाला मुद्दाम बोलवावे; त्याने मध्येच आवाज केला तर धम्म बुडत नाही. आठवड्यातून एक दुपार दोघा तरुणांनी मूल सांभाळावे. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी शिकलेल्या माणसाने सोबत जावे. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, मूल १८ वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून त्याला कायदेशीर पालक मिळू शकतो. 'आमच्या मागे याचे कसे?' या प्रश्नाचे हे निम्मे उत्तर आहे.

उरलेले निम्मे कोणत्याही कायद्यात नाही. कागदावर पालकाचे नाव लागते, पण ते नाव द्यायला माणूस पुढे यावा लागतो. तुमच्या वस्तीत असे एक घर असेल, तर ते नाव कोणाचे असेल, हे त्या आईबापांच्या हयातीतच ठरवा.