ओतलेल्या रंगाचें श्रेय

कुंचला हातीं न धरितां जें चित्र होतें, त्याचा कर्ता कोणास म्हणावें? पातळ केलेले ॲक्रिलिक रंग एका पेल्यांत थरावर थर देऊन फलकावर ओतावयाचे व फलक तिरपा करून वाहूं द्यावयाचे, ही रीत हौशी मंडळींत आतां बरीच रूढ आहे. रंग एकमेकांस भेदतात, जाळीदार आकृति उमटते. चित्रकार म्हणतो, ‘हें आपोआप झालें’. खालीं सही मात्र स्वतःची करितो!

मेक्सिकोचा चित्रकार सिकेरॉस यानें १९३६ सालीं न्यूयॉर्क येथील आपल्या कार्यशाळेंत मोटारींना लावावयाचीं रोगणें एकावर एक ओतून पाहिलीं, आणि त्या रीतीस अपघाताचेंच नांव दिलें. तरुण जॅक्सन पोलॉक तेथें जात असे. पुढें २०१५ सालीं मेक्सिकोंतील संशोधकांनीं या कृतीची परीक्षा केली, तेव्हां दिसलें तें असें: जड रंग हलक्यावर पडला म्हणजे तो खालीं उतरूं पाहतो, हलका वर येतो, व या ओढाताणींतून जाळी उत्पन्न होते. थर उलटे दिले तर होत नाहीं. कोणता ठिपका कोठें उठेल हें चित्रकारास ठाऊक नसतें, आणि तोच या कलेचा आनंद. तो आम्हांस हिरावून घ्यावयाचा नाहीं. परंतु वर काय व खालीं काय, हें त्यानेंच ठरविलेलें असतें.

त्याहूनही अधिक त्याचें असतें तें रंगांत काय मिसळलें हें. ॲक्रिलिक रंगांत रंगाची पूड व कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण पाण्यांत विखुरलेले असतात. पाणी उडालें कीं कण परस्परांस चिकटून पापुद्रा बनतो. नुसतें पाणी घालणें स्वस्त, पण तें फार झालें तर राळ विरळ होऊन पापुद्रा दुबळा राहतो. ओतण्यासाठीं मुद्दाम केलेल्या माध्यमांत राळ असतेच. त्यामुळें रंग वाहता होऊनही त्याची पकड टिकते. सिलिकोन तेलाच्या थेंबांनीं जाळ्या झटकन उठतात खऱ्या, पण तें तेल नीट पुसून काढलें नाहीं तर वरून वार्निश धरत नाहीं.

पहिल्या दिवशीं हीं सारीं चित्रें सारखींच देखणीं दिसतात. स्वतःच्या भिंतीसाठीं मनास येईल तें मिसळावें, कोण विचारतो? पण तेंच चित्र विकलें, किंवा एखाद्या लग्नांत आहेर म्हणून दिलें, तर घेणाऱ्यास पेल्यांतलें कांहीं दिसत नाहीं. जाळी साधली त्या दिवशीं वाहवा घ्यावयाची, आणि पापुद्रा सुटला म्हणजे वाहत्या रंगाकडे बोट दाखवावयाचें, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाहीं. सही करणाऱ्यानें निदान पेल्यांत काय होतें, तें फलकाच्या पाठीवर लिहून द्यावें.