चूक ताऱ्याची नसते

फेब्रुवारीत भिवापूरच्या हवेला वाळत घातलेल्या मिरचीचा वास असतो. अशाच एका संध्याकाळी, मगरिब उरकून, आम्ही भावंडांनी घराच्या गच्चीवर दुर्बीण मांडली. इक्वेटोरियल माउंटवरची दुर्बीण नुसती ठेवून भागत नाही, तिला आधी सरळ करावे लागते. तिपाईचे पाय पाणसळीने समतल करायचे, वजनाचा तोल साधायचा, मग माउंटचा अक्ष आपल्या गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २१ अंश वर उचलायचा आणि ध्रुवताऱ्याकडे वळवायचा. एवढे जमले की दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते. मग एकच चक्र सावकाश फिरवले, तासाला १५ अंश, की तारा नजरेतून सुटत नाही.

आमचा तारा मात्र सुटत होता. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांपैकी एक आम्ही धरला होता. मराठी माणसाला त्या तिघांत व्याधाचा बाण दिसतो, अरबांना कमरेचा पट्टा दिसला. म्हणून त्यातल्या एकाचे नाव मिंटाका, अरबी ‘मिंतका’वरून आलेले. पाच मिनिटांत मिंटाका दृष्टिक्षेत्राच्या दक्षिण कडेला सरकला. आम्ही आधी मोटरीला दोष दिला, मग भिंगाला, मग गच्चीला. जाणकार सांगतात ते उलट आहे. माथ्यावरच्या मध्यरेषेजवळचा तारा दक्षिणेला सरकला, तर अक्ष पूर्वेकडे झुकला आहे असे समजावे. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा धरावा. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. तारा आपल्याच वाटेने जात असतो. त्याचे सरकणे ही आपल्या उभे राहण्यातल्या चुकीची खबर असते.

चूक दुरुस्त झाली. पण त्या रात्री गच्चीवरून आम्ही एक वेगळीच अस्वस्थता घेऊन खाली उतरलो.

खालच्या खोलीत फरशीवर एक रेघ आहे. घर बांधले तेव्हा अब्बांनी ती आखली, थेट पश्चिमेकडे. अब्बा गेले, अम्मी आजही त्याच रेघेवर मुसल्ला अंथरतात. उत्तर दिशा एवढ्या काळजीने शोधल्यावर आम्हाला किब्ल्याचा हिशेब करून पाहण्याचा मोह झाला. मक्केचा अक्षांश साडेएकवीस अंशांच्या आत आहे, भिवापूरचाही जवळपास तेवढाच. म्हणजे ध्रुवतारा दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच उंचीवर दिसतो. मग किब्ला नेमका पश्चिमेला असायला हवा, असे वाटते. पण पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे बाक घेऊन जाते. भिवापूरहून किब्ला पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेला येतो. अब्बांची रेघ पुढे नेली तर ती मक्केच्या पाचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेकडून जाते.

हे अम्मींना सांगायचे का? आम्ही तीन महिने गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याला अदब असे नाव दिले.

शास्त्राच्या बाजूने काळजी करण्यासारखे काही नव्हते. ज्याला काबा डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिशा पुरेशी आहे, असे हनफी फिकह मानते, आणि त्या दिशेला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांपर्यंत मोकळीक देते. अम्मींची एकही नमाज वाया गेलेली नाही. मग ८ अंशांसाठी गेलेल्या माणसाची रेघ खोटी ठरवायची कशाला, असे एक मन म्हणे.

पण दुसरे मन अल-बिरुनीकडे बोट दाखवी. दिशेची सवलत त्यालाही होती. तरीही त्याने ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, आणि गझनीचा किब्ला काढणे हा त्यातला एक हेतू होता. सवलत न जाणणाऱ्यासाठी आणि असमर्थासाठी असते. जाणून घेतल्यावर तिच्या आड बसणे ही वेगळी गोष्ट आहे. न कळता झालेली चूक आणि कळून जपलेली चूक या दोहोंचे अंश सारखेच असतील, वजन सारखे नसते.

याचा अर्थ नेमकेपणाचा हट्ट धरावा असा नाही. ध्रुवतारा तरी कुठे अचूक ध्रुवावर आहे? तोही अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहायचे तर तेवढी चूक चालते, तासभराचे छायाचित्र घ्यायचे तर चालत नाही. जुन्नरजवळ गिरवलीला २००६ साली सुरू झालेली आयुकाची दोन मीटरची दुर्बीण तर पृथ्वीच्या अक्षाशी जुळवलेलीच नाही. संगणक तिला क्षणोक्षणी दोन दिशांनी सावरत राहतो. सरळ राहण्याच्या वाटा अनेक आहेत. आपण सरळच आहोत, आता तपासायला नको, असे म्हणणे त्यांत बसत नाही.

मे महिन्याच्या २८ तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी उभ्या काठीची सावली जिथे पडते, त्याच्या उलट दिशेला किब्ला. आम्ही गच्चीवर काठी रोवली, सावलीवर खडूची रेघ ओढली, आणि अम्मींना वर बोलावून सगळे सांगितले, तीन महिन्यांच्या गप्प बसण्यासकट.

त्यांनी दोन्ही दिशा हाताने मापून पाहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या अब्बांनी मावळतीचा सूर्य पाहून रेघ मारली. जेवढं हाती होतं तेवढ्यानं मारली. तुमच्या हाती जास्त होतं, तरी तुम्ही थांबलात.”

अब्बांची रेघ आम्ही पुसलेली नाही. मुसल्ला तेवढा तिच्यावर थोडा तिरपा अंथरला जातो. समाज बिघडला, मुले दूर सरकली, काळ हातातून निसटला, अशी तक्रार ओठांवर येते तेव्हा त्या तिरप्या मुसल्ल्याकडे आमची नजर जाते, आणि आम्ही आधी आपल्या तिपाईचे पाय पाहतो.