निसण्याची पारख

श्रीसंत सेना महाराजांनी न्हाव्याचा धंदा न सोडता पांडुरंग जोडला. त्यांच्या धोकटीतल्या निसण्याचा, म्हणजे धार लावायच्या दगडाचा, आज विचार करू.

उत्तनजवळच्या डोंगरीस एका वृद्ध नाभिकाने आम्हांस आपला निसणा दाखविला. पाती वापरून टाकण्याच्या या दिवसांतही त्याने तो जपला आहे. आम्ही म्हटले, “केवढा गुळगुळीत!” तो हसला. “बुवा, रंग नि गुळगुळीतपणा फसवतो. पाणी घालून वस्तरा हलक्या हातानं फिरवायचा. एक जाड कण असला तरी हाताला खरखर लागते, धारेवर ओरखडा उठतो. खरी पारख गिऱ्हाइकाच्या गालावर.”

कार्यावरून कारण ओळखणे, यास न्यायशास्त्रात शेषवत् अनुमान म्हणतात. पाठशाळेत आम्ही ते घोकले, समजले डोंगरीस. आमचे कीर्तनही निसणाच. टाळ्या पडल्या म्हणजे दगड गुळगुळीत ठरला, एवढेच. श्रोता घरी जाऊन सुनेवर खेकसला, तर आमच्या बोलण्यात अहंतेचा कण राहिला काय? पोलादच कच्चे असेल, तर दगडाचा दोष नाही, हे खरे. पण तसे म्हणण्याआधी दगड धुऊन पाहावा. रामकृष्णहरि.