बेकारीच्या दराचा छेद

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार भारतातील पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत बेकारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणाचे आणि एकाच व्याख्येचे असल्यामुळे त्यांची तुलना करण्यास शास्त्रीय हरकत नाही. परंतु या सहा वर्षांत कामाचा प्रश्न निम्मा सुटला, असा जो अर्थ त्यांतून सर्रास काढला जातो, तो हे आकडे कशाचे आहेत हे पाहिल्याखेरीज स्वीकारता येत नाही.

बेकारीचा दर हा लोकसंख्येचा हिस्सा नसून श्रमबलाचा हिस्सा असतो. काम करणारे आणि काम नसलेले पण ते शोधणारे अथवा त्यासाठी उपलब्ध असणारे, अशा दोघांची बेरीज म्हणजे श्रमबल. विद्यार्थी, वृद्ध, केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि शोधून शोधून थकल्यामुळे शोध सोडून दिलेले आणि कामासाठी उपलब्धही न उरलेले लोक त्याच्या बाहेर राहतात. शंभर माणसांच्या वस्तीत पन्नास जण श्रमबलात असून त्यांपैकी पाच बेकार असतील तर दर दहा टक्के येतो. त्या पाचांपैकी तिघांनी निराश होऊन शोध थांबवला आणि ते कामासाठी उपलब्धही राहिले नाहीत तर सत्तेचाळिसांत दोन उरतात आणि एकालाही काम न मिळता दर सव्वाचार टक्क्यांपर्यंत उतरतो. अंश जितका महत्त्वाचा तितकाच छेदही महत्त्वाचा असतो आणि दराच्या चढउताराची चर्चा करताना तोच बहुधा विसरला जातो.

ही अडचण भारतीय अर्थशास्त्रज्ञांना फार पूर्वी उमगली होती. धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना, १९६८ साली, आयोगाने बेरोजगारीच्या अंदाजांची छाननी करण्यासाठी प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. बहुसंख्य लोक जेथे पगारी नोकर नसून स्वतःच्या शेतात, दुकानात किंवा हंगामी मजुरीवर राबतात, तेथे काम असणे व नसणे यांच्यामध्ये एकच रेघ ओढता येत नाही आणि म्हणून सगळी बेकारी एका आकड्यात बसवण्याचा प्रयत्न दिशाभूल करणारा ठरतो, ही या समितीच्या १९७० मधील अहवालाची भूमिका होती. तिच्या शिफारशींच्या आधारे राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीपासून तीन मापदंड वापरण्यास सुरुवात केली आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांतील कोणताही आकडा नीट वाचता येत नाही.

पहिला मापदंड सर्वसाधारण स्थितीचा, ज्यात मागील ३६५ दिवसांचा विचार होतो. व्यक्तीचा अधिक काळ श्रमबलात गेला की बाहेर हे आधी ठरवतात आणि श्रमबलात गेला असल्यास त्यातला अधिक काळ कामात गेला की कामाच्या शोधात हे पाहून तिची मुख्य स्थिती नोंदवतात. शिवाय मुख्य स्थिती काहीही असली तरी वर्षात किमान तीस दिवस एखादे दुय्यम काम केलेले असल्यास ती व्यक्ती कामगार म्हणून धरली जाते. म्हणजे आठ महिने काम शोधणारा आणि दोन महिने मिळेल ते काम करणारा तरुण मुख्य स्थितीने बेकार असला, तरी मुख्य व दुय्यम स्थिती एकत्र करून काढलेल्या, वृत्तपत्रांत ठळकपणे छापल्या जाणाऱ्या दरात तो बेकार उरत नाही. दुसरा मापदंड चालू साप्ताहिक स्थितीचा असून त्यात सात दिवसांतील कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेले पुरेसे ठरते. तिसरा, चालू दैनिक स्थितीचा मापदंड आठवड्यातील प्रत्येक दिवसाचे दोन अर्धे भाग करून माणसांऐवजी कामाचे व रिकामे दिवस मोजतो. २००४-०५ मध्ये त्याच देशात, त्याच पाहणीत या तीन मापदंडांनी अनुक्रमे २.३, ४.४ आणि ८.२ टक्के असे तीन दर दिले. यांतला कोणताही खोटा नव्हता. पण धोरण कशावर आखायचे हे कोणता आकडा उचलला जातो यावर ठरणार होते, आणि पुढे २०१७-१८ पासूनच्या सार्वजनिक चर्चेत दैनिक मापदंड मागे पडला ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

दैनिक मापदंडाचे मोल महाराष्ट्राला विशेष समजावे, कारण रिकाम्या दिवसांचा प्रश्न हाच येथील रोजगार हमी योजनेचा पाया होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या आणि १९७७ च्या अधिनियमाने हक्काचे रूप मिळालेल्या या योजनेने शेतमजुराला वर्षभराची नोकरी देऊ केली नाही. शेतात काम नसेल त्या दिवसांत मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी तिने राज्यावर टाकली. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे जाणारा ऊसतोड मजूर हंगामाचे चार-पाच महिने अहोरात्र राबतो, गावी परतल्यावर मिळाले तर काम करतो, नाही तर थांबतो. वर्षाच्या मापाने तो बहुधा कामगारच ठरतो आणि त्याचे रिकामे आठवडे हिशेबातून गळून जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरून एकत्रित मजुरी देण्याची तिथली रीत पाहिली तर स्त्रीच्या श्रमाची वेगळी गणना तिच्या मालकाच्या वहीतही नसते, हेही लक्षात येते.

स्त्रियांच्या श्रमाचा हा मुद्दा आजच्या आकड्यांच्या गाभ्याशी आहे. आरंभी दिलेले दर लोकसंख्येच्या प्रमाणात मांडून पाहिले तर चित्र पालटते. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील दर शंभर व्यक्तींमागे सुमारे पन्नास श्रमबलात होत्या आणि त्यांपैकी तीन बेकार होत्या. २०२३-२४ मध्ये श्रमबलातील संख्या साठवर गेली आणि बेकार दोनाच्या आत आले. बेकारांची घट शंभरात एकाची आहे, तर कामकऱ्यांची वाढ अकरांची. ते तिघे बेकार तसेच राहिले असते तरी छेद फुगल्यामुळेच दर पाच टक्क्यांच्या आसपास उतरला असता. खरी कहाणी या अकरांची आहे आणि त्यांत बहुतांश स्त्रिया आहेत, कारण स्त्रियांचा श्रमबल सहभाग या काळात २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला. मात्र कामकरी स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारातील स्त्रियांचे प्रमाण ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेले, नियमित पगारावरील स्त्रियांचे २१ वरून १५.९ टक्क्यांवर घसरले आणि २०२३-२४ मध्ये दर शंभर कामकरी स्त्रियांपैकी सुमारे सदतीस जणी घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन मदतनीस होत्या.

अमर्त्य सेन यांनी १९७५ मध्ये रोजगाराच्या तीन बाजू वेगळ्या केल्या होत्या: कामातून उत्पादन होते का, करणाऱ्याला उत्पन्न मिळते का, आणि आपण उपयुक्त काम करत आहोत अशी मान्यता त्याला मिळते का. घरच्या गोठ्यात राबणारी स्त्री उत्पादन निश्चितच करते आणि तिची नोंद कामगार म्हणून होणे न्यायाचेच आहे. पूर्वी तिला केवळ गृहिणी म्हणून वगळले जात असेल तर तो अन्याय होता. परंतु तिच्या हाती पैसा येत नसताना तिची नोंद वाढल्याने उतरलेला दर रोजगारनिर्मितीचा पुरावा म्हणून मांडणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१३ मधील परिषदेने मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम आणि स्वतःच्या घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन यांत जो भेद केला, तो भारतीय पाहणीने अद्याप पूर्णपणे स्वीकारलेला नाही, त्यामुळे परदेशांच्या दराशी आपला दर ताडून पाहणेही सरळ राहत नाही.

गरीब समाजात बेकारीचा दर कमी दिसण्याचे कारण अनेकदा दारिद्र्य हेच असते, कारण बेकार राहून चांगल्या कामाची वाट पाहण्यासाठी घरात कोणाची तरी कमाई असावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी ३.४ टक्के होती आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. निरक्षराला अधिक चांगले काम मिळते असा याचा अर्थ कोणीही काढणार नाही; एकाला थांबणे परवडत नाही आणि दुसऱ्याला काही काळ परवडते, एवढेच हा फरक सांगतो. पदवीधरांचा दर उपलब्ध शिक्षण आणि उपलब्ध नोकऱ्या यांच्यातील दरीचा निर्देशक आहे आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत उमेदीची वर्षे घालवणाऱ्या पुण्यातील हजारो तरुणांकडे पाहता ही दरी महाराष्ट्राला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही.

काळाच्या ओघात मोजण्याची पद्धतच बदलली तर तुलनेची अडचण आणखी वाढते. २०११-१२ मधील २.२ टक्के आणि २०१७-१८ मधील ६.१ टक्के हे सर्व वयोगटांचे दर २०१९ मध्ये शेजारी शेजारी मांडले गेले तेव्हा मोठा वाद झाला. पंचवार्षिक पाहणीच्या जागी आलेल्या नव्या सर्वेक्षणात कुटुंबांची निवड माध्यमिक शिक्षण झालेल्या सदस्यांच्या संख्येनुसार गट पाडून केली जात होती, ही गोष्ट तुलना करताना ध्यानात घेणे आवश्यक होते. मात्र बेकारी वाढल्याचा निष्कर्ष उडवून लावण्यासाठी तिचा वापर करणे हेही अभ्यासाला धरून नव्हते, कारण तरुणांच्या व सुशिक्षितांच्या दरातील वाढ केवळ नमुन्याच्या रचनेने समजावून देता येईल इतकी लहान नव्हती. २०२५ पासून साप्ताहिक स्थितीवर आधारित मासिक दर प्रसिद्ध होऊ लागले असून त्या वर्षीच्या एप्रिलचा पहिला दर ५.१ टक्के होता. हा आकडा आधीच्या ३.२ टक्क्यांशेजारी ठेवून एका वर्षात बेकारी भडकली असे म्हणणे जितके चूक, तितकेच एखाद्या महिन्याच्या दशांशभर घसरणीवरून सुधारणेची द्वाही फिरवणेही चूक आहे.

मासिक दर आता नियमितपणे येत राहणार आहेत. ते छापणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्राने त्यांच्या जोडीला श्रमबल सहभागाचा दर, विनावेतन मदतनिसांचे प्रमाण आणि वापरलेला मापदंड या तीन गोष्टी छापाव्यात, सांख्यिकी कार्यालयाने दैनिक स्थितीचे दर पुन्हा ठळकपणे प्रसिद्ध करावेत, आणि वाचकांनी त्यांची मागणी करावी.