दशांशचिन्हानंतर

कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकली की पीएसए हे प्रथिन रक्तातून ओसरू लागतं. दर दोन-तीन दिवसांनी निम्मं. सहा आठवड्यांनी ते तपासणीत सापडूच नये, अशी अपेक्षा असते.

ग्रंथी जागेवर असते तेव्हा पीएसए कच्चा साक्षीदार असतो. ग्रंथी वयामुळे वाढली, तिला जंतुसंसर्ग झाला, तरी तो वाढतो. ग्रंथी गेल्यावर मात्र त्याचा शब्द खरा धरावा लागतो. तो तयार होईल अशी दुसरी जागा शरीरात जवळजवळ नाहीच. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने १९८६ साली या तपासणीला पहिली मान्यता दिली, तीही निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती.

मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम. इतका आकडा आला आणि पुन्हा तपासून पक्का झाला, की डॉक्टर आजार परतला असं धरतात. माणसाला काहीच दुखत नसतं. आजार कागदावर असतो, भीती घरात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी १९९९ साली अशा ३०४ पुरुषांचा हिशेब मांडला. आकडा वाढल्यापासून आजार दूरच्या अवयवांत दिसेपर्यंतचा मध्यक काळ होता आठ वर्षं. पण मध्यक कुणाच्याच वाट्याला येत नाही. एखाद्याचा आकडा काही महिन्यांत दुप्पट होतो, एखाद्याचा वर्षानुवर्षं रेंगाळतो. दोघांचा पहिला रिपोर्ट सारखाच.

आजार परतला हे पीएसए सांगतो. परतेल का, हे काढलेल्या ग्रंथीलाच विचारावं लागतं. तिचे तुकडे मेणात जपलेले असतात. त्यांत के-आय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या वाटेवरच्या पेशी दाखवतं. पीटेन हे दुसरं प्रथिन पेशीच्या वाढीला आवर घालतं. ते जिथे नाहीसं झालेलं असतं, तिथे आजार परतण्याची शक्यता वाढते. एकाचं असणं बोलतं, दुसऱ्याचं नसणं.

पण आधी कळून करायचं काय? मला हाच प्रश्न मोठा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर सरसकट लगेच रेडिएशन द्यावं, की आकडा वाढू लागल्यावर द्यावं, हे रॅडिकल्स या चाचणीने तपासलं. २०२० साली निष्कर्ष आले: लगेच दिल्याने आजार अधिक रोखला गेल्याचं दिसलं नाही, उलट वर्षभराने लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास अशांना जास्त होता. डोळे उघडे ठेवून थांबणं हाही उपचार आहे.

म्हणून अशा नव्या प्रथिनांची कसोटी कडक असावी. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग किती आक्रमक दिसतो ते सांगणारा ग्लीसन स्कोअर, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोचलेल्या कर्करोगाच्या पेशी, शस्त्रक्रियेआधीचा पीएसए यांतून बरंच आधीच कळतं. तेच नव्या नावाने सांगणारी तपासणी रुग्णाच्या खर्चात फक्त भर घालते. थांबणं ज्याला परवडणार नाही, असा माणूस तिने वेळेत ओळखून दाखवावा. आणि बाकीच्यांना, गरज नसलेलं रेडिएशन न देता, घरी जाऊ द्यावं.