रुजुवात आणि प्रामाण्य

महिनाअखेरीस पेढीच्या दप्तरातील बँकेचे खाते आणि बँकेकडून आलेला खातेउतारा समोरासमोर ठेवून रकमेला रक्कम रुजू करून पाहण्याचे जे काम हिशेबनीस निमूटपणे करीत असतो, त्यात आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चर्चिलेला एक प्रश्न दडलेला आहे. बाधक पुरावा पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे मीमांसक मानतात. त्याचे प्रामाण्य अन्य ज्ञानाने ठरावे लागते, असा नैयायिकांचा आग्रह. आपली कीर्द आपणच लिहिलेली. ती खरी कशावरून?

दोन्ही दप्तरांत व्यवहार एकच असतो, बाजू मात्र उलट. जी शिल्लक पेढी बँकेच्या नावे लिहिते, तीच बँक पेढीच्या खाती जमा धरते. तरीही दोन्ही बाक्या क्वचितच जुळतात. २९ तारखेस दिलेला धनादेश पेढीच्या कीर्दीत त्याच दिवशी खर्ची पडतो. परंतु घेणाऱ्याने तो वटवावयास टाकला नसेल, तर बँकेस त्याची वार्ताही नसते, आणि बँकेने कापून घेतलेले शुल्क उतारा हाती येईपर्यंत पेढीस ठाऊक नसते. येथे असत्य कोणीच लिहिलेले नाही. एवढ्यापुरती मीमांसकांची बाजू मला मान्य आहे.

मात्र असे सर्व फरक वजा घातल्यावरही जे काही उरते, ते आपल्याच हातची चूक असू शकते. ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले की फरक ९० येतो. शेजारच्या अंकांची अशी अदलाबदल झाली असता फरकास ९ ने निःशेष भाग जातो, हे जाणणारे कारकून त्याच वाटेने चुकीचा माग काढतात. ज्या डोळ्यांनी ५४० लिहिले, त्यांना नुसती स्वतःची कीर्द शंभरदा वाचूनही तेथे ४५० दिसले नसते. अशा वेळी उरलेली रक्कम उचंत खात्यात टाकून बेरीज जुळवून घेणे आणि ती तेथेच पडू देणे, हा मी सत्याचा द्रोह समजतो, मग ती रक्कम एक पै का असेना. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असता एका पैची चूक रात्र जागून शोधणाऱ्या एकनाथांची कथा परंपरेने जपली आहे. ती चूक सापडताच त्यांना झालेला हर्ष पाहून, हीच तन्मयता परमार्थात लाव, असे स्वामी म्हणाले. त्यांनी हिशेबास तुच्छ लेखले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण आत्मपरीक्षणात आपण बहुधा एकच वही उघडतो. दिलेला शब्द आपल्या कीर्दीत देताक्षणीच खर्ची पडतो, आपण औदार्याचे समाधान पदरात पाडून घेतो, आणि ज्याला तो दिला त्याच्या हाती अद्याप काहीही पोचलेले नसते. आचरणाच्या बाबतीत म्हणूनच मी नैयायिकांच्या पक्षाचा आहे. तेथे दुसरी वही नेहमीच दुसऱ्याच्या घरी असते.

धनादेशाची मुदत आता ३ महिन्यांची आहे. ती उलटून गेली तर दक्ष हिशेबनीस ती रक्कम पुन्हा देणे म्हणून उभी करतो. वाचकांनीही आपल्या जुन्या शब्दांची अशी एक यादी करावी, आणि ती ज्यांना दिले त्यांना विचारून करावी.